संगणकाचे स्वयंअध्ययन : पुस्तक आहे, यंत्र कोठे?

महाराष्ट्रात शासकीय सेवेतील अनेक पदांसाठी संगणक-अर्हतेचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले आहे. बीडसारख्या जिल्ह्यात, जेथे नोकरी हाच पांढरपेशा जीवनाचा एकमेव दरवाजा मानला जातो, तेथे या अटीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एमएस-सीआयटीसाठी प्रशिक्षण केंद्रात नाव घालावे लागते; मात्र केंद्र सरकारच्या नाइलिट संस्थेची सीसीसी परीक्षा स्वयंअध्ययन करूनही देता येते.

ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास घर सोडून उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या कुटुंबातील मुलामुलींना ठरावीक वेळेचा वर्ग परवडत नाही. त्यांच्या दृष्टीने स्वयंअध्ययन ही मोठीच सोय होय. परंतु येथेच खरी मेख आहे. सीसीसीच्या 80 तासांपैकी 50 तास प्रात्यक्षिकाचे आहेत. पुस्तक बोचक्यात बांधून नेता येते, मोबाईलही खिशात मावतो. पण मोबाईलवर बोट फिरवणे म्हणजे कळफलकावर अर्ज लिहिणे किंवा आकड्यांचा तक्ता मांडणे नव्हे. शुल्क वाचले तरी यंत्राची टंचाई उरतेच, आणि ज्याच्या घरी संगणक आहे तोच पुढे जातो.

यावर उपाय खर्चिक नाही. अनेक महाविद्यालयांच्या संगणक-कक्षांत भांडवल आधीच गुंतलेले आहे. सायंकाळी व सुट्टीत मात्र त्यांना कुलूप असते. ते उघडण्यास लागेल ती थोडी वीज आणि एका मार्गदर्शकाचे मानधन. एवढेही न करता केवळ प्रमाणपत्राची अट घालणे म्हणजे विहीर दाखवून दोर नाकारणे होय.