बांधावरून : फाळ मातीत उतरू द्या

लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा एकेकाळी शेतकऱ्यांचा पक्का समज होता. १९०३ च्या सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या, कुंडल स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराचा हा इतिहास सांगली जिल्ह्याच्या मातीतला आहे.

आणि त्याच्या शेजारच्या मुलखात आज नांगर पाहायचा तो मंडपात, मॅटवर उभा असलेला.

कराडची बाजार समिती यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीच्या सुमारास, नोव्हेंबरात, कृषी प्रदर्शन भरवते. गर्दी लोटते. शेतकरी पलटी नांगराच्या फाळावरून हात फिरवतो, किंमत विचारतो, माहितीपत्रक खिशात घालतो. तो नांगर खोडव्याच्या रानात किती खोल जाईल आणि डिझेल किती पिईल, हे मात्र त्याला घरी नेल्यावरच कळते. लाखांच्या घरातल्या खरेदीला ही रीत योग्य नाही.

स्पर्धांची या भागाला हौस कमी नाही. २०१४ पासून बंद असलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा परवानगी दिली. ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धेत ऊस वाहणारी पोरं असं कसब दाखवतात, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. नांगरटीचं कसब तेवढं मागे राहिलं.

कॅनडात १९५३ मध्ये नांगरटीची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथे वेगाला नव्हे, कामाला गुण मिळतात : पहिलं तास कसं काढलं, तासं सरळ आहेत का, खोली सारखी आहे का, धसकटं पुरती गाडली गेली का. हे सगळं आपल्याकडे सहज जमेल. सोयाबीन निघालेलं एक रान घ्यावं. वाफसा असेल तोच दिवस धरावा; ओल्या रानात ढेकळंच निघतात. सारख्या गुंठ्यांचे तुकडे पाडून चिठ्ठ्या टाकाव्यात. बैलजोडी, लहान ट्रॅक्टर आणि मोठा ट्रॅक्टर असे गट वेगळे ठेवावेत, बैलाला पराणी लावणारा बाद करावा. टाकी आधी काठोकाठ भरावी, नंतर पुन्हा भरून डिझेल मोजावं. बघ्यांसाठी दोरी बांधावी आणि उघडा पीटीओ शाफ्ट असलेलं यंत्र रानात उतरूच देऊ नये.

खोल नांगरट का हवी, हेही त्याच रानात दाखवता येईल. दरवर्षी चार-पाच इंचांवर नुसता रोटाव्हेटर फिरवला, की खाली कडक थर धरतो आणि पाणी मुरत नाही. रोटाव्हेटरच्या आणि खोल नांगरटीच्या रानात शेजारी-शेजारी दोन खड्डे खणून हा फरक दाखवला, तर शेतकऱ्याला तो तिथल्या तिथे पटेल.

कराडच्या बाजार समितीने येत्या नोव्हेंबरात मंडपाबाहेर एक एकर रान घ्यावं, आणि खोली मोजायची पट्टी नांगर घ्यायला आलेल्या शेतकऱ्याच्याच हातात द्यावी.