सृष्टिनिरीक्षण : बीं खाणारी अळी

आमच्या असोद्याचीं वांगीं भरतासाठीं प्रसिद्ध आहेत. वांग्यांत अळी निघाली तर गृहिणी ती तत्काळ ओळखते. परंतु करडईच्या बोंडांतील अळी सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. वांग्यांतील अळी पतंगाची, तर ही फळमाशीच्या कुळांतील एका लहानशा माशीची. करड्या रंगाची, पंखांवर ठिपके असलेली ही माशी कोंवळ्या कळींत अंडीं घालते. पांढरी, बिनपायांची अळी आंतील फुलें व गाभा खाते. कळी कुजून तींतून दुर्गंधी स्राव वाहूं लागतो. मग दाणा भरावा कोठून ? करडईच्या सगोत्र रानटी कांटेरी झाडांवरहि या माशीचा निर्वाह होतो. त्यामुळें पीक नसतांनाहि तिचा वंश खुंटत नाहीं.

पिकाचें बीं खाणारी अळी शत्रु, तर तणाचें बीं खाणारी मित्र ठरावी, असें कोणासहि वाटेल. हा प्रयोग होऊन गेला आहे. टणटणी, जिला कित्येक घाणेरी म्हणतात, ती मूळची अमेरिकेंतील. १९ व्या शतकाच्या आरंभीं शोभेसाठीं ती कलकत्त्याच्या बागेंत आली. आज बांधापासून डोंगरापर्यंत तिचें राज्य आहे. तिचा पाला खाण्यांत आल्यास गुरांना कावीळ होते. १९०२ सालीं अल्बर्ट कोबेल या कीटकशास्त्रज्ञानें मेक्सिकोंत हिंडून हवाई बेटांसाठीं टणटणीचे शत्रु गोळा केले. त्यांत तिच्या फळांत अंडीं घालणारी एक बारीक काळी माशी होती. तिचें कूळ निराळें, पण वृत्ति तीच. १९२१ सालीं ती हिंदुस्थानांत आणविली गेली व पुढें येथें रुळली. टणटणी मात्र हटली नाहीं.

याचें कारण उघड आहे. अळी गर खाते व बीं पोखरते खरी. पण फळें अमाप येतात, वांचलेलें बीं पांखरें दूरवर नेऊन टाकतात, आणि तोडलेल्या बुंध्यालाहि पुन्हां फूट येते. बीजांकुरन्याय एका अळीनें मोडत नाहीं.

म्हणून वाचकांनीं फुलांच्या मोहानें टणटणीचें कुंपण करूं नये. असल्यास फळें धरण्यापूर्वीं मुळासकट खणून काढावें. करडईचीं सडकीं बोंडें दिसतांच तोडून नष्ट करावीं, कारण अळीचा कोष त्यांतच होतो. अळी आपलें पोट भरते. शेत राखण्याचें काम तिच्यावर सोंपवून आपणांस स्वस्थ बसतां येणार नाहीं.