अंगावरचं तोडून वरचं?

माझी नात तेव्हा अडीच महिन्यांची होती. सकाळी लंगोट बदलताना लेकीने हाक मारली. खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं, तर पिवळ्या शीमध्ये शेंबडासारखी चिकट तार आणि त्या तारेत लाल दोऱ्यासारख्या दोन रेघा. बाळ मात्र पाय झाडत हुंकार देत होतं. दुपारपर्यंत घराने निकाल देऊन टाकला. न्हाऊ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, अंगावरचं बाधतंय तिला. वरचं सुरू करा." फोनवर विहीणबाईंचंही तेच मत पडलं. शेजारच्या वहिनींनी तर डब्याचं नावसुद्धा सांगितलं. खोटं कशाला बोलू, मीही मान डोलावली होती. लेक एवढंच म्हणाली, "आई, म्हणजे माझं दूधच वाईट आहे का गं?"

त्या प्रश्नाने मी भानावर आले. पुढच्या दोन महिन्यांत डॉक्टरांकडून आणि वाचनातून जे कळलं, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. अ‍ॅलर्जीच्या नुसत्या संशयावरून बाळाला अंगावरून तोडू नये. आधी त्या संशयाची परीक्षा घ्यावी.

समोरच्या बाजूचं खरं तेवढं आधी मान्य करते. 'आई खाते ते दुधात उतरतं' ही निव्वळ समजूत नाही. आई गाईम्हशीचं दूध प्यायली, की त्यातल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनाचा सूक्ष्म अंश काही आयांच्या दुधात सापडतो. माणसाच्या दुधात हे प्रथिन मुळात नसतंच. एखाद्या बाळाचं शरीर त्याला परकं समजून त्याच्यावर उठतं. मग शीमध्ये रक्ताच्या रेघा दिसतात, आव पडते, कुणाचं इसब चिघळतं. तेव्हा मावशींचा संशय अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. त्यांची चूक झाली ती पुढच्या पावलात.

कारण वरचं दूध म्हणजे तरी काय? दुकानातला नेहमीचा डबा गाईच्या दुधापासूनच बनतो. गाईच्या दुधात हे प्रथिन लिटरला सुमारे ३ ग्रॅम असतं. आईच्या दुधात उतरतं ते मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागांत मोजावं लागतं. ज्या पदार्थाचा कण बाळाला सोसत नाही, तोच हजारो पटींनी बाटलीत भरून द्यायचा, ही आगीतून उठून फुफाट्यात जाण्याची रीत झाली. "मग शेळीचं द्या" म्हणणाऱ्यांना सांगायला हवं, की शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की गाईचं न चालणाऱ्या बहुतेक बाळांना तीही चालत नाहीत. 'ए-टू'चा महिमा गाणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. तिथे फरक असतो तो बीटा-केसीन या दुसऱ्या प्रथिनाचा. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन तिथेही हजर असतंच.

दुसरा घोटाळा लॅक्टोजचा. "दूध पचत नाही" म्हटलं, की कुणीतरी लॅक्टोजविरहित डबा सुचवतं. लॅक्टोज ही साखर आहे आणि अ‍ॅलर्जी असते प्रथिनाची. आईने दुधाचा थेंब घेतला नाही तरी तिच्या दुधात लॅक्टोज असणारच, कारण ते तिचं शरीर स्वतः तयार करतं. जन्मतःच लॅक्टोज न पचणारी बाळं अत्यंत विरळा.

तिसरा आणि सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे प्रत्येक रडण्याला अ‍ॅलर्जी म्हणणं. तान्ही बाळं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त रडतात आणि तीन-चार महिन्यांनंतर आपोआप शांत होतात. दूध बाहेर काढणं, हिरवट शी, अंगावरचं पुरळ हे तर घरोघरी. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांत गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी साधारण अर्ध्या टक्क्याच्या घरात असते, असं डेन्मार्कमधल्या पाहणीत आढळलं आहे. रक्त दिसलं म्हणजेही निकाल लागत नाही. शीच्या जागी चीर पडलेली असते, कधी जंतुसंसर्ग असतो, कधी कारण सापडतच नाही. फिनलंडमध्ये शीतून रक्त जाणाऱ्या ४० तान्ह्या बाळांची तपासणी झाली. २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी त्यातल्या १८ टक्के बाळांतच निघाली होती. बाकीच्या आयांनी दूध तोडलं असतं, तर ते कशासाठी?

ही भीती फायद्याची कुणाला ठरते, तेही पाहावं. अ‍ॅलर्जीच्या बाळांसाठी प्रथिनं तोडून बारीक केलेलं खास दूध मिळतं. खरोखर गरज असलेल्या बाळाला ते जीवदान आहे, यात वाद नाही. पण ब्रिटनमध्ये २००६ ते २०१६ या दहा वर्षांत अशा दुधाच्या चिठ्ठ्या वर्षाला सुमारे १ लाख ५ हजारांवरून ६ लाखांवर गेल्या. बाळांचा आजार दहा वर्षांत सहापट झाला, असं कुणी म्हणणार नाही. वाढलं ते निदान. आपल्याकडे बाळांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे, २००३मध्ये तो आणखी कडक झाला. तरी शेजारच्या वहिनींना डब्याचं नाव तोंडपाठ होतं.

आता उलट्या टोकाची मंडळीही सोडत नाही. यांचं म्हणणं, पाजणं सुरू ठेवा, पण आईने दूध, गहू, अंडी, शेंगदाणे, डाळी, वांगी, मासे सगळं सोडावं. मऊ भात आणि मिठावर बाळंतीण किती दिवस काढेल? अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे. संशय एका पदार्थाचा आणि शिक्षा सगळ्या स्वयंपाकघराला, असं पथ्य बाळाआधी आईला झिजवतं. शेवटी दूध तुटतं ते त्या थकव्याने, आणि खापर फुटतं अ‍ॅलर्जीवर.

आणि "काहीही झालं तरी आईने पाजलंच पाहिजे" असं बजावणारेही मला मान्य नाहीत. गॅलॅक्टोसेमिया या जन्मजात दोषात आईचं दूध थांबवावंच लागतं. काही थोड्या बाळांचं वजन कडक पथ्यानंतरही वाढत नाही. काही आया खरोखर थकून जातात. त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली खास दुधाकडे वळावं आणि कुणालाही सफाई देऊ नये. सहा महिने निव्वळ अंगावर आणि पुढे दोन वर्षं किंवा जास्त काळ वरच्या अन्नाबरोबर, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ती आईच्या मदतीसाठी आहे, तिच्यावर उगारायची छडी नव्हे.

मग करावं काय? आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आधी वजनाचा तक्ता पाहिला, चीर नाही ना ते तपासलं. रक्ताच्या तपासणीचा मी आग्रह धरला, तर म्हणाले, "या प्रकारात तिचा उपयोग नाही." मग म्हणाले, "आईने दोन ते चार आठवडे फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ बंद करायचे. पाजणं चालूच. आणि नंतर पुन्हा खायचे." ते शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंच नव्हतं.

घरी येऊन मी बाळंतिणीचा डबा उघडला. दुधातली अळिवाची खीर, शतावरीचा दुधाळ कल्प, सकाळ-संध्याकाळचा चहा, चहाबरोबरची बिस्किटं. दूध नाही असं काही उरेचना! बिस्किटाच्या पुडक्यावर बारीक अक्षरांत 'दुधाची पावडर' लिहिलेली होती. तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून तेवढे दिवस तेही बाजूला ठेवलं. अळीव नारळाच्या दुधात शिजवले, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि सुकट वाढली, डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली. ज्या चरकसंहितेचं नाव घेऊन लोक 'दूध नासलंय' म्हणतात, त्या संहितेत स्तन्याचे आठ दोष सांगितले आहेत हे खरं. पण स्तन्यशोधनाची, म्हणजे दूध सुधारण्याची औषधंही तिथेच आहेत. परंपरेलाही पहिली आठवण दूध तोडण्याची झाली नव्हती.

दहाव्या दिवशी रेघा दिसेनाशा झाल्या. घरात आनंद झाला आणि सगळ्यांचं ठरलं, दूधच वैरी होतं, आता वर्षभर त्याचं नाव नको. डॉक्टर मात्र पुन्हा म्हणाले, "परीक्षा अर्धीच झाली आहे." ज्या बाळाला लगेच पित्त उठतं, उलट्या होतात, धाप लागते, त्याच्यावर असा प्रयोग घरी करायचा नसतो. आमच्या बाळाचं तसं काही नव्हतं. तीन आठवडे झाल्यावर लेक घाबरत घाबरत दहीभात जेवली. मग चहा, मग खीर. आठवडाभर आम्ही प्रत्येक लंगोट खिडकीपाशी नेऊन पाहिला. रेघ आली नाही. पंधरा दिवसांनीही आली नाही.

रेघ परत आली असती, तर अ‍ॅलर्जी ठरली असती. मग लेकीने पथ्य पाळत पाजलं असतं आणि वर्षाच्या आसपास डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा पाहिलं असतं. बहुतेक बाळांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जातेच. आमच्या नातीचं रक्त कशाने आलं आणि कशाने गेलं, ते कळलं नाही. पण त्या दुपारी आम्ही मावशींचं ऐकून डबा आणला असता, तर बहुधा ते दहा दिवसांत असंच गेलं असतं. श्रेय डब्याला मिळालं असतं. आणि माझी लेक जन्मभर समजून चालली असती, की तिचं दूध वाईट होतं.