हिमालयाचा रस्ता कोणी बांधला?

आपल्या काही घरांतून सध्या एक नवा हट्ट ऐकू येतो. मुलगा नोकरीला लागला, मुलीच्या हाती चार पैसे जमले, की मित्रमंडळी गोळा करायची, विमानाने दिल्ली गाठायची, मनालीला मोटारसायकली भाड्याने घ्यायच्या आणि डोंगर ओलांडून लेहपर्यंत जायचे. हे ऐकून वडील माणसे कपाळाला हात लावतात. "भारतात जायचेच तर कोकणात जा, पंढरपूरला जा, आपले मूळ गाव शोधा. त्या बर्फात आपले कोण आहे?" असा त्यांचा प्रश्न असतो.

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर आहे. आमच्या मते मुलांना जाऊ द्यावे. त्या बर्फात आपले कोण आहे, हे मात्र त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहून यावे. आम्ही पाच मित्र ऑगस्ट २०२४ मध्ये त्या वाटेने गेलो होतो, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम रस्त्याविषयी. आपल्या बेटावरील सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे. शामारेलचा घाट चढलो की आपल्याला डोंगर चढल्यासारखे वाटते. मनाली हे गावच सुमारे २,००० मीटरवर आहे आणि खरा चढ तेथून पुढे सुरू होतो. पूर्वी रोहतांग खिंड ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. ऑक्टोबर २०२० मध्ये खिंडीखालून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि लाहौल खोरे जवळ आले. त्यानंतर केलाँग, जिस्पा, दारचा, मग बारालाचा खिंड, सरचूचे माळरान, गाटाची एकावर एक एकवीस वळणे, लाचुंग खिंड, पांग, मोरेचे विस्तीर्ण पठार आणि शेवटी ५,३०० मीटरांहून उंच अशी तांगलांग खिंड. तेथून उतरले की सिंधू नदी भेटते आणि तिच्या काठाकाठाने लेह येते. शाळेच्या पुस्तकात वाचलेली सिंधू डोळ्यांनी पाहिली, तेव्हा आम्ही पाचही जण काही वेळ बोललो नाही.

आता धोक्याविषयी, कारण आईबापांची काळजी खोटी नाही. तांगलांगवर हवेचा दाब समुद्रकाठाच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही निम्माच. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाच्या शरीराला याची सवय व्हायला दिवस लागतात. जाणते डॉक्टर सांगतात, की ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा सुमारे ५०० मीटरांहून अधिक उंचावर नेऊ नये. मनालीहून निघून त्याच रात्री ४,३०० मीटरच्या आसपास असलेल्या सरचूला झोपणे म्हणजे दुखणे विकत घेणे होय. आम्ही जिस्पाला दोन रात्री काढल्या होत्या, तरी सरचूच्या तंबूत आमच्यातील एकाचे डोके ठणकू लागले आणि उलट्या सुरू झाल्या. अशा वेळी गोळी देऊन पुढे जाण्यात शहाणपण नसते. खाली उतरणे हेच औषध. उजाडताच आम्ही पाचही जण मागे फिरलो आणि पुन्हा जिस्पाला आलो. दोन दिवस गेले, पण तिसऱ्या दिवशी तोच मित्र सर्वांच्या पुढे गाडी चालवीत होता. सोबत मित्र असावेत ते यासाठी. जो मित्र तुमच्यासाठी मागे फिरायला तयार नाही, त्याच्याबरोबर डोंगरात जाऊ नये.

येथवर जे सांगितले ते कोणताही प्रवासी सांगेल. आमचे खरे म्हणणे यापुढे आहे.

या रस्त्यावरून जाणारा तरुण घरी परतला म्हणजे काय सांगतो? "आम्ही तांगलांग जिंकली." खिंडीतील पाटीजवळ मोटारसायकल उभी करून काढलेले छायाचित्र दाखवितो. त्या छायाचित्रात पाटी असते, पताका असतात, बर्फ असतो. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसे मात्र नसतात. छायाचित्र काढणारा त्यांना नेमके वगळतो. दर काही किलोमीटरांवर ती दिसतात. तोंडावर फडके बांधलेले, धुराने काळवंडलेले, हातात फावडे नाही तर घमेले. डांबराच्या पिंपाखाली जाळ पेटलेला असतो. रात्री निजायला ताडपत्रीचा किंवा पत्र्याचा निवारा. जी हवा आम्हांला बसल्याजागी धाप लावते, त्या हवेत ही माणसे दिवसभर दगड उचलतात.

हे रस्ते सीमा रस्ते संघटना बांधते व राखते. ही संघटना १९६० साली स्थापन झाली. तिचे इंजिनिअर आणि जवान आहेत, पण अंगमेहनतीचे पुष्कळसे काम हंगामी मजूर करतात. लडाखच्या रस्त्यांवरील या मजुरांपैकी बरेच जण झारखंडातून, विशेषतः दुमका आणि त्याच्या आसपासच्या संथाळ परगण्यातून येतात. बर्फ वितळला की यायचे आणि थंडी पडली की घरी परतायचे. डोंगर दरवर्षी रस्ता मोडतो आणि ही माणसे दरवर्षी तो पुन्हा बांधतात.

वाचकहो, आता आपला इतिहास आठवा. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. त्या दिवसाला आपण दरवर्षी फुले वाहतो. ते ३६ जण कोण होते? छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातील आदिवासी. तो भाग आज मुख्यतः झारखंड राज्यात मोडतो. आपले मराठी पूर्वज त्यांच्यामागून मुंबई बंदरातून आले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, आणि एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. भरती करणारा दलाल एकीकडे आणि कोठीवरचा सरदार दुसरीकडे, अशा दोघांच्या कात्रीत ती माणसे सापडली होती. हे आपण आपल्या मुलांना दरवर्षी सांगतो, आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या दाखवितो, आणि ते योग्यच आहे.

त्याच मातीतली माणसे आज हिमालयात खडी फोडत आहेत. आजच्या मजुराची तुलना गिरमिटियाशी सर्वस्वी होणार नाही. तो हंगाम संपल्यावर घरी जातो, त्याला मताचा अधिकार आहे, त्याच्या बाजूने बोलणारे सरकार आहे. मे २०२० मध्ये साथीच्या टाळेबंदीत लेहकडे अडकलेल्या ६० मजुरांना झारखंड सरकारने विमानाने घरी आणले. पुढे त्याच वर्षी नव्या भरतीच्या वेळी त्या सरकारने मधल्या दलालांविरुद्ध आवाज उठविला आणि मजुरी थेट कामगाराच्या खात्यात पडावी असा आग्रह धरला. आनंदाची गोष्ट आहे. पण हा आग्रह २०२० मध्येही धरावा लागला, यातच पुष्कळ काही आले. आणि धोका तर टळलेला नाहीच. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माणा गावाजवळ रस्त्याच्या मजुरांच्या छावणीवर हिमकडा कोसळला. ५४ कामगार त्यात सापडले, त्यांतील आठ दगावले.

पांगच्या अलीकडे दरड कोसळल्यामुळे आम्हांला तीन तास थांबावे लागले होते. तेथे दुमक्याच्या काही मजुरांशी आमच्या मोडक्या हिंदीत आणि घरच्या भोजपुरीत गप्पा झाल्या. मॉरिशस कोठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. आमचे पूर्वज मजुरीसाठी जहाजातून तिकडे गेले, असे सांगताच त्यांच्यातील एका वयस्क माणसाने विचारले, "मग घरी परत नाही आले?" आम्ही म्हटले, "नाही, दादा. काही परतले, आमचे राहिले." तो म्हणाला, "मग त्यांच्या आईला कोणी कळविले?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकाकडेही नव्हते. आप्रवासी घाटावर असा प्रश्न आम्हांला कोणी कधी विचारला नव्हता.

म्हणून आम्ही म्हणतो, मुलांना जाऊ द्या. कोकणात मूळ गाव शोधणे चांगलेच. पण पुष्कळदा तेथे आपल्या हाती एक नाव आणि पडका चौथरा लागतो. आपले पूर्वज कसे जगले असतील, कसे थकले असतील, दलालाच्या हातचे पैसे मोजताना त्यांचा चेहरा कसा झाला असेल, हे पाहायचे तर त्यासाठी अजूनही जिवंत माणसे आहेत. ती त्या रस्त्यावर भेटतात.

यावर कोणी म्हणेल, की पैसेवाल्या पोरांनी गाड्यांवरून जाऊन गरिबांकडे पाहिल्याने गरिबांचे काय भले होणार? आक्षेप खरा आहे. नुसते पाहून कोणाचे भले होत नाही, आणि दया दाखविणे तर त्याहून वाईट. पण वागणुकीने काही होते. काम चालू असेल तेथे गाडी हळू घ्यावी, म्हणजे आपली धूळ त्यांच्या नाकातोंडात जात नाही. विचारल्याशिवाय त्यांचे छायाचित्र काढू नये. मेंढरांना वाटावीत तशी बिस्किटे भिरकावून पुढे जाऊ नये. थांबून, नमस्कार करून, एकत्र चहा घ्यावा. लेहमध्ये पाणी तोलून वापरावे, कारण त्या कोरड्या प्रदेशात पाणी बर्फ वितळून येते. आपला कचरा आपल्या पिशवीतून खाली आणावा. आणि घरी आल्यावर "आम्ही खिंड जिंकली" असे म्हणू नये. खिंड ज्यांनी आपल्यासाठी खुली ठेवली त्यांच्याविषयी बोलावे.

मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपती येथे आल्या असता, मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना भारताचे परदेशस्थ नागरिकत्वपत्र मिळेल अशी घोषणा झाली. त्या पत्राने भारताचे दार आपल्या मुलांना अधिक उघडले. ते पत्र असले तरी सीमेलगतच्या नुब्रा, पँगाँगसारख्या भागांसाठी निराळा परवाना लागतो, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. पण वारसाचा हक्क मागणाऱ्याने वारशाचे ओझेही उचलावे. आपला वारसा जसा देवळांचा, भजनांचा आणि गणेशोत्सवाचा आहे, तसाच तो घामाचाही आहे.

यंदा ज्या घरांतून मुले उत्तरेकडे निघतील, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना आमची एक विनंती आहे. गरम कपडे, औषधे आणि पैसे यांची आठवण तुम्ही कराल याची आम्हांला खात्री आहे. त्याबरोबर मुलांना आणखी एक काम सांगा. वाटेत भेटणाऱ्या निदान एका मजुराला त्याचे गाव विचारून या, आणि आपल्या आजोबांच्या आजोबांविषयी त्याला सांगून या. परत आल्यावर किती उंच गेलास, हे शेजारी विचारतीलच. आपण त्या गावाचे नाव विचारावे.