परवानगी कुठे लिहिलीय?

रविवारी जेवताना काका म्हणाले, "तुरुंगात गेल्यावर कसले आलेत हक्क? मिळेल ते उपकार समजायचे." ताटावर वाद नको म्हणून गप्प बसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. काका, वाचत असाल तर रागावू नका, पण तुमचं हे म्हणणं १९६५ सालीच कोर्टात हरलंय!

गोष्ट आर्थर रोड तुरुंगातली. कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी तिथे भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. खटला नाही, शिक्षा नाही. सरकारच्याच परवानगीने त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. विषय निव्वळ विज्ञान. पण हस्तलिखित छापायला बाहेर पाठवतो म्हटल्यावर सरकारने नकार दिला. का? तर स्थानबद्धांच्या नियमांत तशी सवलत लिहिलेली नाही!

मुंबई हायकोर्टाने अनुक्रमणिका पाहिली, यात देशाला काही धोका नाही असं म्हटलं आणि संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथेही हरलं. निकालाचा गाभा साधा आहे: ते नियम सवलती वाटत नाहीत, बंधनं घालतात. जे बंधन कायद्यात नाही, ते अधिकाऱ्याने मनाने घालायचं नाही. आणि हे कधी? चीन युद्धात लागू झालेली आणीबाणी उठलेली नसताना.

म्हणजे 'परवानगी कुठे लिहिलीय' हे कैद्याने दाखवायचं नसतं. 'मनाई कुठे लिहिलीय' हे सरकारने दाखवायचं असतं.

आता २०२२ मध्ये या. तळोजा तुरुंगात तेव्हा कच्चे कैदी असलेल्या गौतम नवलखांना वुडहाऊसचं विनोदी पुस्तक 'सुरक्षेला धोका' म्हणून नाकारल्याचं त्यांच्या वकिलांनी मुंबई हायकोर्टात सांगितलं. न्यायमूर्तींनाही नवल वाटलं. मला मात्र हसू आलं नाही. सत्तावन्न वर्षांत आपण शिकलो काय?

"गुन्हेगारांचा एवढा पुळका कशाला?" हा काकांचा पुढचा प्रश्न असणार. २०२२ च्या अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. गुन्हा सिद्ध व्हायचाय त्यांचा. आणि सिद्ध झाला तरी शिक्षा कोर्टाने दिलेली तेवढीच. तिच्यात पदरची भर घालायचा हक्क जेलरला कोणी दिला?

उपकार काय, आज करतील, उद्या काढून घेतील. काका, पुढच्या रविवारी पुन्हा बोलू. जेवण झाल्यावर.