तांदळाच्या तुटीवरून प्रस्तावित केलेली बडतर्फी थांबवून फेरचौकशी करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद.

मार्फत : मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक)

महोदय,

आपल्या स्वाक्षरीची अंतिम कारणे दाखवा नोटीस चौकशी अहवालाच्या प्रतीसह मला मिळाली. शालेय पोषण आहाराच्या ८८ किलो तांदळाचा अपहार, ऑनलाइन खोट्या नोंदी आणि तपासणी अधिकाऱ्यांशी उद्धट वर्तन, हे तीनही दोषारोप सिद्ध झाल्याचे धरून मला सेवेतून बडतर्फ का करू नये, अशी विचारणा तीत आहे. मुद्देनिहाय खुलासा मी स्वतंत्रपणे दाखल केला आहे. हे निवेदन देण्याचे कारण वेगळे. ज्या चौकशीवर ही शिक्षा उभी आहे, त्या चौकशीत तांदूळ गेला कुठे, हे कोणी शोधलेच नाही.

तूट मला मान्य आहे. नोंदवहीतल्या शिल्लकीपेक्षा तपासणीच्या दिवशी साठा ८८ किलोने कमी भरला, पंचनाम्यावर माझी सही आहे आणि ती मी नाकारत नाही. अपहार मात्र मी केलेला नाही.

आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते पाचवी, पट ५७. मी सहायक शिक्षिका; मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे होता, आणि प्रभाराबरोबर कोठीची किल्लीही. प्रति विद्यार्थी १०० ग्रॅम या प्रमाणाने रोज पाच-साडेपाच किलो तांदूळ शिजतो. आरोपाच्या दोन वर्षांत शाळेत ४६ पोती आली. प्रत्येक पोते ५० किलोचे धरून जमा झाले, कारण पोच पावतीवर तसेच छापलेले असते. माल शाळेत मोजून द्यायचा असतो. प्रत्यक्षात टेम्पो येतो, चालक पोती व्हरांड्यात टाकतो आणि पुढच्या शाळा गाठायच्या म्हणून सही मागतो. सही नाही दिली तर माल परत जातो आणि दुसऱ्या दिवशी मुले उपाशी बसतात. जिल्ह्यातल्या कोणत्याही प्रभारी मुख्याध्यापकाला विचारावे, यापेक्षा वेगळे उत्तर मिळेल असे वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी मी गावातल्या पिठाच्या गिरणीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला आणि आलेली नऊ पोती शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांसमोर मोजली. एकही पोते ५० किलो भरले नाही. वजने ४८ ते ४९ किलोंच्या दरम्यान होती. ती वजने साठा नोंदवहीच्या कडेला लाल शाईने लिहिली आहेत, खाली अध्यक्षांची सही आहे. त्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांना लेखी कळवले. त्या पत्राच्या स्थळप्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का आहे. उत्तर आले नाही. पोत्यामागे सरासरी दीड किलो तूट धरली, तर वापरात आलेल्या ४२ पोत्यांमागे ६३ किलो होतात. पावसाळ्यात कोठीचे छत गळून १८ किलो तांदूळ भिजला, कुजला. समितीने पंचनामा करून तो पुरला. ठराव इतिवृत्तात आहे. हे झाले ८१. उरलेल्या सात किलोंचा कागद माझ्याकडे नाही. कोठीला पत्र्याचे दार आहे, खाली चार बोटांची फट आहे आणि उंदीर पोच पावती देत नाहीत.

आता तिसऱ्या दोषारोपाकडे आधी येते, कारण सगळे तिथूनच सुरू झाले. तपासणीत सुटा तांदूळ काट्यावर मोजला गेला. शिवलेली चार पोती मात्र न मोजता प्रत्येकी ५० किलो धरली गेली. “साहेब, ही पण मोजा,” असे मी म्हटले. वजन पोत्यावर छापलेले आहे, असे उत्तर मिळाले. मी पुन्हा म्हटले, या वेळी जरा मोठ्याने, कारण वर्गातल्या मुलांचा गोंगाट चालू होता. उद्धट वर्तन म्हणतात ते एवढेच. ती चार पोती त्या दिवशी मोजली असती, तर हे प्रकरण तिथेच कोणत्या तरी बाजूने निकालात निघाले असते.

ऑनलाइन नोंदींबाबत थोडक्यात : गावात रेंज येत नाही. उपस्थितीची आणि जेवणाची नोंद मी अनेकदा घरी जाताना घाटमाथ्यावर थांबून केली, काही वेळा दुसऱ्या दिवशी. वेळ चुकली असेल. पण हजेरीपटावरचा आकडा आणि पोर्टलवरचा आकडा वेगळा असल्याचे एकही उदाहरण अहवालात दाखवलेले नाही.

चौकशीबद्दल दोन गोष्टी आपल्या नजरेस आणणे भाग आहे. पहिली, साठा नोंदवहीची. मूळ वही तपासणीच्या दिवसापासून विभागाच्या ताब्यात आहे. दोषारोपपत्रासोबत मला तिच्या झेरॉक्स प्रती मिळाल्या, त्यांत कडेचा भाग नाही. लाल शाईतली वजने नेमकी तिथे आहेत. हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. लांब वही झेरॉक्सच्या काचेवर पूर्ण बसत नाही, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. परंतु मूळ वही पाहू द्यावी हा माझा लेखी अर्ज चौकशी अधिकाऱ्यांनी ना मंजूर केला ना नामंजूर, आणि अहवालात ‘अपचारी यांनी तुटीबाबत पुरावा सादर केला नाही’ असे वाक्य आले. माझा पुरावा विभागाच्या कपाटात असताना मी तो सादर करायचा तरी कसा?

दुसरी गोष्ट स्वयंपाकी ताईंच्या जबाबाची. तांदूळ बाहेर जाताना पाहिला, असा जबाब त्यांच्या अंगठ्याने नोंदलेला आहे. जबाब संगणकावर टंकलेला आहे. ताईंना वाचता येत नाही, आणि तो आपल्याला वाचून दाखवला नाही असे त्यांनी समितीच्या सभेत सर्वांसमोर सांगितले. त्यांचे नाव जोडपत्र ४ मधल्या साक्षीदारांत आहे, तरीही त्यांना साक्षीला बोलावले नाही. त्यामुळे उलटतपासणीचा प्रश्नच आला नाही. टेम्पोचालक, पुरवठादार, समितीचे अध्यक्ष यांपैकीही कोणाची साक्ष झाली नाही.

महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम, १९६४ प्रमाणे मोठी शिक्षा देण्याआधी कर्मचाऱ्याला बचावाची खरी संधी द्यावी लागते. नुसती कागदपत्रे फाइलला लावल्याने दोषारोप सिद्ध होत नाही, ती साक्षीदारामार्फत शाबीत करावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने रूपसिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक (२००९) या प्रकरणात स्पष्ट केले आहे. चौकशी अधिकारी हा विभागाचा प्रतिनिधी नसतो, कर्मचाऱ्याने उत्तर दिले नसले तरी विभागाचा पुरावा पुरेसा आहे का हे त्याने स्वतः तपासायचे असते, असे उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध सरोजकुमार सिन्हा (२०१०) या निकालात म्हटले आहे. आणि चुकीची बडतर्फी शेवटी तिजोरीलाच महाग पडते. औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, दीपाली सुरवसे (२०१३), त्याच न्यायालयाने पूर्ण थकीत वेतन देण्याचा न्यायाधिकरणाचा आदेश कायम केला होता.

“तीन-चार हजारांचा तांदूळ, पैसे भरून टाका, प्रकरण मिटेल,” असा सल्ला मला कार्यालयातूनच मिळाला. मी भरले नाहीत. भरले असते तर ती चलनाची पावतीच माझा कबुलीजबाब ठरली असती. त्याचप्रमाणे, रक्कम लहान आहे म्हणून शिक्षा सौम्य करा, अशीही माझी विनवणी नाही. मी अपहार केला असेल तर एका किलोलाही शिक्षा व्हावी. माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आहे. बडतर्फीने नोकरीबरोबर निवृत्तिवेतनही जाते. एवढे जाणार असेल तर निदान काट्यावर मोजून जावे.

म्हणून माझी मुख्य मागणी अशी की, सदर अहवालावर कोणताही अंतिम आदेश न काढता प्रकरण दुसऱ्या चौकशी अधिकाऱ्याकडे फेरचौकशीसाठी द्यावे, मूळ वही, समितीचे इतिवृत्त आणि माझ्या पत्राची आवक नोंद पुराव्यात घ्यावी, आणि स्वयंपाकी ताई, टेम्पोचालक व पंच यांची साक्ष माझ्या समक्ष व्हावी. बचाव सहायक नेमण्यास परवानगी मिळावी.

याशिवाय एक गोष्ट आपण उद्याही करू शकता. आमच्या शाळेत आणि त्याच टेम्पोच्या वाटेवरच्या इतर शाळांत, पूर्वसूचना न देता, पुढचा माल उतरताना शिवलेली पोती आपल्या अधिकाऱ्यांनी मोजावीत. ती ५० किलो भरली तर माझा बचाव आपोआप कोसळेल, आणि तो धोका मी समजून पत्करते आहे.

फेरचौकशी होईपर्यंत निलंबन चालू ठेवण्याचा फेरविचार व्हावा. सध्या पाचही वर्ग एकच सहकारी सांभाळतात आणि शिवाय मतदार यादीचे कामही त्यांच्याकडेच आहे. मला त्याच शाळेवर ठेवण्यास अडचण असेल तर तालुक्यातल्या कोणत्याही शाळेवर द्यावे. कोठीची किल्ली नको, वर्ग द्यावा. निलंबनाचे पहिले तीन महिने उलटले असूनही निर्वाह भत्त्याचा आढावा झालेला नाही, तोही व्हावा.

अंतिम निर्णयापूर्वी मला आपल्यासमोर व्यक्तिशः सुनावणी मिळावी, आणि त्या वेळी मूळ साठा नोंदवही टेबलावर असावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
निलंबित सहायक शिक्षिका (तत्कालीन प्रभारी मुख्याध्यापिका)

प्रत माहितीस्तव : मा. विभागीय आयुक्त, मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती