गव्हाची थंडी, बागेची थंडी

नाना पहाटे पाचला गव्हाला पाणी भरून आले आणि काही न बोलता चुलीपुढे बसले. आईनं चहाचा कप पुढे केला, तर तो धरायला त्यांची बोटं वळेनात. मग तिनंच कप धरला.

निफाड तालुक्यात आमची तीन एकरांची वस्ती आहे. एकरभर द्राक्षबाग, एकरभर गहू, उरलेल्यात कांदा, हरभरा आणि दोन गाईंपुरता घास. डिसेंबर लागला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज पेपरात येतो. तो आकडा वाचून आमच्या घरात गव्हासाठी बरं वाटतं आणि बागेसाठी जीव खालीवर होतो.

गव्हाची सगळी भिस्त थंडीवर. पेरणीनंतर २१ दिवसांच्या आसपास मुकुटमुळं फुटतात. तेव्हा पाणी मिळालं आणि पुढे थंडी टिकली, की फुटवे भरपूर येतात. दिवस उबदार गेले तर ओंबी लवकर बाहेर पडते, दाणा बारीक राहतो. द्राक्षाचं नेमकं उलटं. कडाका वाढला की फुगवण थांबते, तयार होत आलेल्या मण्यांना तडे जातात. म्हणून पारा ५-६ अंशांवर उतरला की आम्ही पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतो, ठिबक सुरू करतो. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, त्यानं मुळांना जरा ऊब मिळते.

आईचं लक्ष हरभऱ्याकडे. हरभरा फुलावर आला की ती रात्री त्यावर धुतलेलं धोतर अंथरते. पानांवरची खार दवात उतरते आणि कापड ओलंचिंब होतं. उजाडताच ते पिळून ती बाटली भरते. ही आंब. जिभेला लागली तर डोळे मिटतात इतकी आंबट. पोट दुखलं की चमचाभर आंब पाण्यात घालून ती आम्हाला अजून देते.

पिकांच्या वाट्याची थंडी निसर्गाची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. नानांच्या वाट्याला येते ती मात्र वेळापत्रकाची. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच्या पाळीत येते. मग वयाच्या पासष्टीत त्यांना गार चिखलात अनवाणी उभं राहून वाफे भरावे लागतात. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि कान शेजारच्या उसाकडे. त्या उसात बिबट्याचे ठसे आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. ते परत येईपर्यंत आई अंथरुणाला पाठ लावत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे, तिचा हेतूच शेतीला दिवसा वीज देण्याचा. ती प्रत्येक वस्तीपर्यंत लवकर पोचावी, एवढंच मागणं आहे. गव्हाला पाणी दुपारी दिलं तरी चालतं.

काल संध्याकाळी कळलं, पुन्हा रात्रीची पाळी. नानांनी कानटोपी चढवली, घोंगडी घेतली. आई हरभऱ्यावर धोतर अंथरत होती. रात्रभर दवात भिजायचं ते त्या धोतरानं. नानांनी कशाला?